सिंबल किती, कोणत्या आणि केव्हा?

ड्रम्स शिकणाऱ्यांची पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात आणि त्यातली बरीचशी फिरून फिरून सिंबल्सवरच येऊन थांबतात. ते साहजिकच आहे. ड्रमचा आवाज आवडला नाही तर हेड बदलता येतं, ताण कमीजास्त करता येतो, बेसड्रममध्ये उशी कोंबता येते. सिंबलला यातलं काही लागू नाही. ती जशी घडवली तशीच वाजणार, म्हणून सगळा विचार घेण्याआधीच करावा लागतो. या वेळी सिंबल्सवरचे निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : वर्षभरापूर्वी ड्रमकिट घेतली. तिच्यासोबत आलेला हायहॅट आणि क्रॅश-राइड दोन्ही डब्यासारखी वाजतात. आता थोडे पैसे साठले आहेत. मित्र म्हणतात चायना घे, स्प्लॅश घे, स्टेजवर भारी दिसतं. सुरुवात कशापासून करू?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हायहॅटपासून. आवडीचं कोणतंही गाणं लाव आणि ड्रमरचा उजवा हात कुठे आहे ते बघत राहा. कडवंभर तो हायहॅटवर असतो, ध्रुवपदात बहुधा राइडवर जातो, आणि क्रॅशवर पडतो तो वळणापुरता. चार मिनिटांच्या गाण्यात क्रॅश वीस-पंचवीस वेळा वाजली तर खूप झालं, हायहॅट मात्र शेकडो वेळा वाजतो. जे सर्वांत जास्त ऐकू येतं, त्यावर सर्वांत आधी खर्च करावा. म्हणून क्रम असा ठेव : आधी हायहॅट, मग राइड, मग क्रॅश. चायना आणि स्प्लॅश त्यानंतर, आणि तेही लागल्या तर.

हायहॅट 14 इंचीच घे. 13 इंची जोडी चटपटीत वाजते आणि 15 इंची जोडी रुंद, जाड वाजते. पण 14 इंची कुठेही चालते. जोडीतल्या दोन तबकड्या सहसा सारख्या वजनाच्या नसतात. खालची थोडी जड असते, त्यामुळे पायाने दाबल्यावर ‘चिक्’ असा स्वच्छ आवाज येतो. दुकानात ही जोडी तीन प्रकारे वाजवून बघ : पूर्ण बंद करून काठीच्या टोकाने, अर्धवट उघडी ठेवून काठीच्या खांद्याने, आणि काठी न लावता नुसत्या पायाने. तिन्ही आवाज एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आले तर जोडी कामाची.

पैसे मोजण्याआधी घरच्या हायहॅटचा स्टँड एकदा नीट तपास. खालची तबकडी ज्या बशीवर बसते तिच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की खालची तबकडी एका बाजूला किंचित कलते. ती अगदी सपाट असेल तर दोन तबकड्यांमध्ये हवा अडकते आणि ‘चिक्’ ऐवजी ‘फस्’ ऐकू येतं. नवशिक्यांच्या किटवर हा स्क्रू बहुतेकदा कुणी हात न लावलेला असतो. वरच्या आणि खालच्या तबकडीत साधारण बोटभर अंतर ठेव आणि क्लचचे दोन्ही नट घट्ट कर, पण वरची तबकडी थोडी हलती राहू दे. एवढ्याने जुना हायहॅटही बराच सुधारतो, आणि नव्यात नेमकं काय हवं आहे ते तुझं तुलाच कळतं.

प्रश्न : मुलगा ड्रम्स शिकतो. त्याला ‘बी-20’ सिंबल हवी आहे, कारण म्हणे तिच्यात वीस टक्के कथील असतं. तांबं आणि कथील म्हणजे आपलं कासंच ना? मग आमच्या घरातल्या काशाच्या थाळीत आणि इतक्या महाग तबकडीत फरक तो काय?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : धातू जवळजवळ तोच, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. भांड्यांच्या काशात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील असतं. बी-20 मध्ये 80 भाग तांबं आणि 20 भाग कथील, आणि काही कंपन्या त्यात किंचित चांदीही घालतात. चर्चच्या घंटा, वारकऱ्यांचा काशाचा टाळ आणि जॅझ ड्रमरची राइड या सगळ्या एकाच घराण्यातल्या. स्वस्त किटसोबत येणारी सिंबल मात्र पितळेची असते, म्हणजे तांबं आणि जस्त. माइनलची ‘एचसीएस’ आणि सेबियनची ‘एसबीआर’ या पितळी मालिका आहेत. पितळ नरम असतं, त्यातून मधल्या पट्टीचा जाडसर आवाज निघतो आणि लवकर विरतो. ‘डब्यासारखं वाजतं’ ही तक्रार बहुतेक वेळा पितळेची असते.

कथिलामुळे धातू कडक होतो आणि कंपन आतल्या आत गिळून टाकत नाही, म्हणून कासं लांबवर घुमतं. पण कथील वाढलं की धातू ठिसूळही होतो. काशाचं भांडं हातातून पडलं की पोचा येण्याऐवजी तडकतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. अशा धातूची एक-दीड मिलिमीटर जाडीची तबकडी करायची आणि तिच्यावर वर्षानुवर्षं काठीने मारत राहायचं, हीच खरी कारागिरी. ओतीव कासं थंड असताना ठोकलं तर फुटतं. म्हणून ते लाल होईपर्यंत तापवून, रुळांखालून लाटून पातळ करतात. त्यानंतर ते पुन्हा तापवून पाण्यात बुडवतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. जास्त कथिलाचं कासं याच्या उलट वागतं, बुडवल्यावर ठोकण्याजोगं होतं. मग घुमट दाबून काढायचा, हातोड्याने तबकडीला बाक द्यायचा आणि लेथवर चढवून बारीक गोल चऱ्या कापायच्या. थाळीत आणि सिंबलमध्ये फरक पडतो तो इथे. हातोड्याच्या प्रत्येक घावाने त्या जागेचा ताण बदलतो आणि लेथने जाडी बदलते, त्यातून सिंबलचा स्वभाव ठरतो. किंमत धातूची थोडी आणि या हातकामाची जास्त असते.

या दोन टोकांच्या मध्ये ‘बी-8’ असतं : 92 भाग तांबं आणि 8 भाग कथील. याचे मोठे पत्रे काढता येतात आणि त्यातून गोल चकत्या कापता येतात, म्हणून ते स्वस्त पडतं. आवाज चकचकीत आणि सरळ असतो. सेबियनची ‘बी8एक्स’ ही अशीच सुरुवातीची मालिका आहे. पण बी-8 म्हणजे हलकं, असं मुलाला समजू देऊ नका. स्वित्झर्लंडच्या पायस्टे कंपनीची ‘2002’ ही मालिका 1971 साली आली, तीही याच धातूची आहे, आणि लेड झेपलिनचा जॉन बॉनम तिच्यावर वाजवायचा. तेव्हा मुलाला धातूचा आकडा विचारू नका. त्याला कोणता आवाज हवा आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर दुकानात सोबत जाऊन तो आवाज तुम्हीही ऐका.

प्रश्न : एकच क्रॅश घेण्याइतके पैसे आहेत. 16 इंची घेऊ की 18? आणि थिन, मीडियम, हेवी यातलं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच घ्यायची तर 18 इंची, पातळ किंवा मध्यम-पातळ.

व्यास वाढला की स्वर खाली उतरतो, आवाज भरदार होतो आणि विरायला जास्त वेळ घेतो. जाडी वाढली की स्वर चढतो आणि आवाज मोठा होतो, पण तो फुलायलाही वेळ लागतो आणि मारायला जोर लागतो. सिंबलला काठी लागली की आधी खालचे स्वर हलतात, आणि मग ती ताकद वरच्या स्वरांकडे पसरत जाते. क्रॅशचा तो ‘श्श’ असा फुलोरा काठी लागल्यानंतर क्षणभराने येतो तो यामुळेच. पातळ तबकडीत हा पसारा झटकन होतो. म्हणून पातळ क्रॅश हलक्या हातालाही लगेच खुलते आणि पटकन बाजूला होते, गायकाच्या शब्दावर रेंगाळत नाही. नव्या ड्रमरला ‘हेवी जास्त टिकेल’ असं सांगितलं जातं. पण जड क्रॅश खुलत नाही म्हणून तो आणखी जोरात मारतो, आणि त्यात सिंबलही जाते आणि मनगटही.

18 इंचीचा दुसरा फायदा म्हणजे तिच्यावर राइडसारखा ठेकाही धरता येतो. छोट्या हॉलमधल्या भावगीतांच्या कार्यक्रमात किंवा चर्चमध्ये वाजवणार असाल, तर मात्र 16 इंची पातळ क्रॅश जास्त सोयीची पडेल. पुढे दुसरी क्रॅश घेताना दोन इंचांचा फरक ठेवा, नाहीतर दोन्ही एकसारख्याच वाजतात.

राइडचा हिशेब वेगळा असतो. तिथे काठीच्या टोकाचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला पाहिजे आणि त्यामागे एक मंद गुंज राहिली पाहिजे. हलकी राइड जास्त गुंजते, आणि वेगात वाजवलं की ठोके तिच्या गुंजीत बुडून जातात. जड राइडचे ठोके टोकदार येतात, पण गुंज कमी पडते. 20 इंची हलकी राइड साधारण दोन किलोच्या आसपास भरते, जड राइड अडीच किलोच्या पुढे जाते. तळाशी किंवा वेष्टनावर ग्रॅम लिहिले असतील तर वाचा. ‘मीडियम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा असतो, ग्रॅमचा मात्र सगळीकडे सारखाच.

दुकानात जाताना स्वतःच्या काठ्या न्या, आणि जमलं तर घरचा हायहॅटही न्या. नवी सिंबल घरच्या सिंबलसोबत वाजणार आहे, दुकानातल्या भिंतीवरच्या सिंबल्ससोबत नाही. बोटावर अडकवून टकटक करू नका. स्टँडवर लावायला सांगा. आधी अगदी हळू वाजवा, मग मध्यम, आणि शेवटी जोरात. त्यानंतर मित्राला वाजवायला बसवा आणि स्वतः पंधरा-वीस फूट लांब उभे राहा. ड्रमरच्या स्टुलावर जी सिंबल कर्कश वाटते, ती तिथून कित्येकदा नेमकी बसते. हाताने ठोकलेल्या सिंबल्समध्ये एकाच मॉडेलचे दोन नगही वेगळे वाजतात, म्हणून दोन असतील तर दोन्ही मागा. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त ऐकू नका. त्यापुढे कान थकतात आणि जी जोरात वाजते तीच चांगली वाटू लागते. धोबीतलावजवळच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात जाणं होत असेल, तर गर्दी नसलेली वेळ गाठा.

प्रश्न : सगळ्या सिंबल्स एकाच कंपनीच्या हव्यात का? माझे सर म्हणतात मिसळ करू नये.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सरांचा मान राखून सांगतो, तसा काही नियम नाही. एकाच मालिकेतल्या सिंबल्स एकमेकींशी जुळवूनच घडवलेल्या असतात, म्हणून नवख्याला तो सुरक्षित मार्ग पडतो, इतकंच. शिवाय कंपन्यांची वंशावळ पाहिली तर ‘परकं’ कुणाला म्हणावं हाच प्रश्न पडतो. झिल्जियन हे कॉन्स्टॅन्टिनोपलमधलं, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधलं आर्मेनियन घराणं, आणि त्यांचा कारखाना 1623 सालचा मानला जातो. 1929 मध्ये या घराण्यातल्या एका शाखेने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला. पुढे भावाभावांत वाटणी झाली आणि रॉबर्ट झिल्जियन यांनी 1981 मध्ये कॅनडात सेबियन सुरू केली. तिकडे इस्तंबूलमध्ये जुन्या कारागिरीत तयार झालेल्या अगोप आणि मेहमेत या दोघांनी 1980 साली ‘इस्तंबूल’ हा कारखाना काढला. अगोप 1996 मध्ये गेले आणि त्यानंतर त्याच्याही दोन कंपन्या झाल्या. आज एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या चार नावांचं मूळ एकाच शहरात आहे.

जुळवायचा असतो तो आवाज. हायहॅट, क्रॅश आणि राइड एकापाठोपाठ हळू वाजवा. तिघांचा स्वर चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लागला आणि एक संपताना दुसरी अंगावर आली नाही, तर छाप कुठलीही असो, संच जमला. एखादी सिंबल दर वेळी ‘मी आहे’ म्हणून पुढे येत असेल, तर ती कितीही महाग असली तरी त्या संचातली नाही. बहुधा हे पितळ आणि बी-20 शेजारी ठेवल्यावर घडतं. महागड्या हायहॅटशेजारी किटसोबत आलेली क्रॅश आणखीच फिकी वाटू लागते, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ऑर्केस्ट्रातले एक वादक त्यांच्या जुन्या सिंबल्स विकत आहेत. नव्याच्या जवळजवळ निम्म्या भावात. घ्याव्यात का? काय तपासावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर घ्याव्यात. नव्या पितळी संचाच्या पैशांत जुनी बी-20 जोडी मिळत असेल तर हा सौदा सोडू नये. सिंबलला मोटार नाही, बॅटरी नाही. तडा नसेल तर ती दशकानुदशकं चालते. फक्त दिवसाच्या उजेडात बघायला जा आणि घाई करू नका.

तबकडी मधल्या भोकात बोट घालून उचला आणि कड डोळ्यांसमोर आडवी धरून हळूहळू फिरवा. कड सरळ रेषेत दिसली पाहिजे. लाटेसारखी वरखाली झाली असेल तर जोरात मारून ती वाकलेली आहे. मग अंगठ्याचं नख पूर्ण कडेवरून फिरवा. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला अडतो. अडलं तिथे कडेच्या दोन्ही बाजू बोटांत धरून किंचित विरुद्ध दिशांना दाबा. तडा असेल तर उघडून दिसतो. त्यानंतर घुमटाच्या मुळाशी बघा. तिथला तडा वर्तुळाच्या दिशेने, चऱ्यांच्या ओळीत लपून जातो, म्हणून तबकडी उजेडासमोर तिरकी धरा. शेवटी मधलं भोक बघा. ते गोल असावं. स्टँडच्या आट्यांवर घासून घासून ते किल्लीच्या भोकासारखं लांबट झालं असेल, तर आधीच्या मालकाने प्लॅस्टिकची नळी न लावताच वाजवलं आहे. एवढ्यासाठी सौदा मोडू नका, पण भाव उतरवून मागा.

मग स्टँडवर लावून कडेजवळ चारही बाजूंना हळू वाजवा. कुठे आवाज अचानक मरत असेल किंवा मागे झिणझिण राहत असेल, तर तिथे तडा आहे. कडेवर गोल भोक पाडलेलं दिसलं, तर तडा पुढे जाऊ नये म्हणून तो कुणीतरी थांबवलेला आहे. असा इलाज काही काळ टिकतो, पण पैसे मोजून असा नग घेऊ नका. काळपट रंग, बोटांचे डाग आणि पुसट झालेलं नाव यांनी आवाज बिघडत नाही.

प्रश्न : माझी नवी क्रॅश आठ महिन्यांत कडेला तडकली. दुकानदार म्हणतो माझ्या मारण्यात दोष आहे. सिंबल मारण्यासाठीच असते ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मारण्यासाठीच असते, पण किती आणि कसं मारायचं यावर बरंच अवलंबून असतं. सदोष नग नसतोच असं नाही, तरी बहुतेक तड्यांची कारणं तीन. पहिलं, विंगनट घट्ट पिळलेला. सिंबल डोलली नाही तर काठीचा धक्का कडेतच अडकतो. नट इतका सैल हवा की मारल्यावर तबकडी दोन-तीन हेलकावे खाईल. वर आणि खाली फेल्ट हवं, आणि रॉडवर प्लॅस्टिकची नळी हवी. दोन्ही वस्तू स्वस्त असतात, त्या नसल्या तर सिंबल स्टँडवर चढवूच नका. दुसरं, कोन. तबकडी आडवी आणि उंच लावली की काठी सरळ कडेवर आपटते. ती तुमच्या दिशेला थोडी कलती ठेवा, आणि खांदा न उचलता काठी पोचेल इतकीच उंच ठेवा. तिसरं, मार. काठीचा खांदा कडेवरून तिरपा, ओझरता गेला पाहिजे आणि हात लगेच बाजूला निघाला पाहिजे. ‘आरपार’ मारण्याने आवाज वाढत नाही. तबकडीची जितकी ताकद आहे त्यापुढे ती कर्कश होते, मोठी होत नाही.

तडकलेली क्रॅश फेकून देऊ नका. तिच्यावर एखादी जुनी लहान सिंबल उलटी ठेवून दोन्ही एकत्र आवळा. कोरडा, तुटक ‘टच्’ असा आवाज निघतो. याला स्टॅक म्हणतात, आणि आजकाल बरेच ड्रमर मुद्दाम तो लावतात.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी रात्री आठनंतर वाजवते आणि सोसायटीच्या तक्रारी येतात. आवाज कमी करायचा तर काय घ्यावं?
— एक पालक, ठाणे

उत्तर : भोकांच्या सिंबल्स मिळतात, तबकडीवर चाळणीसारखी असंख्य बारीक भोकं पाडलेली. झिल्जियनची ‘एल80’ ही त्यातली जुनी आणि सहज मिळणारी मालिका, बाकीच्यांच्याही आहेत. हवा ढकलायला पृष्ठभाग कमी उरतो म्हणून आवाज खूप उतरतो, पण काठी खऱ्या धातूवर पडते आणि हाताला तो उसळता स्पर्श तसाच मिळतो. रबराच्या पॅडवर तो मिळत नाही. ड्रम्सना जाळीची हेड लावलीत तर शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे नाहीत. खालच्या मजल्यावर मात्र बेसड्रमच्या पेडलची धप्धप् जमिनीतून पोचते. किटखाली जाड गालिचा आणि त्याखाली फोमचा थर घाला. भोकांच्या सिंबल्स कार्यक्रमात वाजवू नका. माइकवर त्या पोकळ येतात, आणि मुलीला खऱ्या सिंबलवर ताबा ठेवण्याचा सराव उरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी तिला एखाद्या सराव खोलीत पूर्ण आवाजाच्या किटवर बसू द्या.

प्रश्न : समुद्राजवळ घर आहे. सिंबल्सवर हिरवट डाग पडतात. ब्रासोने घासू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : घासू नका. खरखरीत पॉलिशने छापलेलं नाव जातं आणि चऱ्यांमध्ये भुकटी अडकते. वाजवून झालं की कोरड्या मऊ कापडाने घामाचे डाग पुसा, सिंबल कडेला धरून उचला, आणि रात्री कापडी पिशवीत ठेवा. ओल असलेल्या प्लॅस्टिकमध्ये नको. हिरवट डाग चढलेच तर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब घालून चऱ्यांच्या दिशेने गोल पुसा आणि लगेच कोरड्या करा. काळवंडलेल्या सिंबलचा आवाज किंचित मऊ होतो, आणि कित्येकांना तो तसाच आवडतो.

प्रश्न : हायहॅट, राइड, दोन क्रॅश झाल्या. आता पुढे काय? किती सिंबल्स पुरेशा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चार सिंबल्समध्ये बहुतेक सगळं संगीत वाजवता येतं. 1930 च्या दशकात काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने ठेका हायहॅटवर आणला, पुढे केनी क्लार्कने तो राइडवर नेला, आणि जॅझची चाल बदलली. या दोघांनी जागा बदलल्या, तबकड्यांची संख्या वाढवली नाही. दुसऱ्या टोकाला आपल्या मुंबईत जन्मलेला त्रिलोक गुर्टू. तो जमिनीवर बसून ड्रम्स आणि तबला एकत्र वाजवतो, आणि वाजती सिंबल पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर खाली सरकवतो. त्या एका तबकडीतून तो जितके आवाज काढतो तितके दहा सिंबल्सच्या किटवरून अनेकांना काढता येत नाहीत.

म्हणून पुढची सिंबल घेण्याआधी असलेल्या चारही पुरत्या पिळून काढा. राइडचा घुमट, मधला उतार आणि कड हे तीन वेगळे आवाज आहेत. नगरपालिकेच्या हॉलमध्ये एखादी लॅटिन चाल वाजवायची असेल तर घुमटावरचा ठेका पुरतो. हायहॅट अर्धा उघडा ठेवण्याच्या किमान चार पायऱ्या आहेत. क्रॅश हाताने धरून लगेच बंद करता येते. कार्यक्रम मोबाइलवर हॉलच्या मागच्या रांगेतून ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा काहीतरी कमी वाटलं, तर ते नेमकं लिहून ठेवा : ‘छोटा, पटकन विरणारा ठिपका हवा’ म्हणजे 10 इंची स्प्लॅश, ‘खरबरीत, फुटल्यासारखा आवाज हवा’ म्हणजे 18 इंची चायना. जी गरज एका ओळीत लिहिता येत नाही, ती बहुधा गरज नसते. आणि ऑक्टोपॅड सोबत वाजवत असाल तर स्प्लॅश-चायना त्याच्यावरच वाजवून बघा. तिथे पैसे लागत नाहीत.

प्रश्न : सराव संपल्यावर कानात तासभर शिट्टी वाजत राहते. सवय होईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, आणि होऊ देऊ नका. ती शिट्टी म्हणजे कानाच्या आतल्या नाजूक पेशींना मार बसल्याची खूण आहे, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आवाज 85 डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास सोसतो असं धरतात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते, आणि बंद खोलीत जोरात वाजलेली क्रॅश तो आकडा सहज ओलांडते. संगीतकारांसाठी खास कानबोळे मिळतात. ते सगळे स्वर सारख्या प्रमाणात उतरवतात, त्यामुळे सिंबल मंद ऐकू येते पण बोथट होत नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. वर इतक्या प्रश्नांत कोणती सिंबल आधी घ्यावी ते सांगितलं, पण ड्रमरने सर्वांत आधी घ्यायची वस्तू सिंबल नाहीच. आधी कानबोळे घ्या, मग हायहॅट.